बुटक्या साहेबाची खुर्ची

दाभण हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावानं कुणी हाक मारली, तर ती ओ देईल की नाही याची शंकाच आहे. गोणपाट शिवायची ती लांब, जाड सुई असते ना, तशीच ती होती: उंच, सरळसोट आणि टोकाला अणकुचीदार. लहानपणी गल्लीतल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि साठी उलटली तरी ते तिला चिकटून राहिलं. तिची हरकत नव्हती. "सुई म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं," ती म्हणायची. "सुई हरवते."

बाजारपेठेच्या कडेला तिचं खुर्च्या आणि सोफे भरायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. दारातून आत शिरलं की काथ्याचा आणि सरसाचा वास यायचा, आणि पोट फाटलेल्या, पाय वर केलेल्या खुर्च्या भिंतीशी रांगेनं पडलेल्या दिसायच्या. मधोमध ओट्याएवढ्या उंचीच्या घडवंचीवर दाभण काम करत असायची. तिचं तोंड मिटलेलं असायचं, कारण त्यात खिळे असायचे. एका हातानं पट्टा ताणून धरायचा, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीनं तो उचलायचा आणि ठोकायचा. गिऱ्हाइकानं काहीही विचारलं, घाई केली, आवाज चढवला, तरी तोंड रिकामं होईपर्यंत उत्तर मिळत नसे.

ही पद्धत तिच्या आईची. आणि तिची आई साधीसुधी बाई नव्हती, तिच्यावर पुस्तक होतं.

युद्धात शत्रूचं सैन्य या गावात येऊन बसलं. अधिकाऱ्यांनी मोठी घरं बळकावली आणि त्या घरांतल्या खुर्च्या दुरुस्तीला आईच्या दुकानात येऊ लागल्या. आई त्या भरायची आणि बाबा पाठीवर घेऊन पोचवायचे. चौकीवरच्या शिपायांना खुर्ची घेऊन जाणारा हा माणूस इतका सवयीचा झाला, की त्यातलीच एखादी खुर्ची साहेबाच्या बंगल्याऐवजी टेकडीवरच्या चोरट्या दवाखान्यात जाते हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या खुर्चीत काथ्याच्या आड औषधं असायची. युद्ध संपल्यावर बऱ्याच वर्षांनी शाळेतल्या मास्तरीणबाई रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागल्या आणि आईच्या तोंडातून, म्हणजे खिळे नसताना, एकेक गोष्ट काढून घेऊ लागल्या. त्यातून 'तोंडात खिळे' नावाचं चरित्र झालं. गावात ते घरोघरी होतं. पानं सुटलेलं, चहाचे डाग पडलेलं, पण होतं.

त्यातली तीन प्रकरणं तर लोकांना पाठ होती. पहिलं, शिपाई झडतीला आले तेव्हाचं. आईच्या तोंडात खिळे होते. तिनं हातानंच 'थांबा' म्हणून खूण केली आणि एकेक खिळा सावकाश ठोकत राहिली. तोंड रिकामं होईपर्यंत बाबा मागच्या दारानं खुर्ची घेऊन पसार झाले होते. दुसरं, बाबा पुढे एकदा पकडले गेले त्याचं. कोठडीत त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरला, पुढचे दात गेले, पण त्यांनी अक्षर उच्चारलं नाही. आणि तिसरं म्हणजे बुटक्या साहेबाचं.

गावाचा मुख्य साहेब बुटका होता आणि त्याला उंच खुर्ची हवी होती, हाताखालच्या लोकांकडे वरून बघता येईल अशी. आईनं लाल मखमलीची फर्मास खुर्ची केली. फक्त बैठकीखालचे पट्टे तिनं चौकटीला खिळ्यांनी ठोकले नाहीत. ते सुतळीनं बांधले, आणि गाठ अशी मारली की वजन पडलं की ती कणभर सरकावी आणि उठल्यावर मागे येऊ नये. साहेब रोज बसत होता आणि रोज थोडा खाली जात होता. एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच कारकुनाकडे मान वर करून बघतोय. त्यानं टेबलाचे पाय कापून घेतले. मग कारकुनाच्या खुर्चीचे. गाव पोट धरून हसत होतं, अर्थात घरात, खिडक्या लावून. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे प्रकरण दरवर्षी व्हायचं आणि बुटक्या साहेबाच्या कामासाठी पोरांची भांडणं व्हायची.

दाभण स्वतः त्या पुस्तकात एका वाक्यापुरती होती. 'काथ्याच्या टोपलीत बाळ झोपलेलं असे.' एवढंच. तेवढं तिला पुरेसं होतं.

मास्तरीणबाई गेल्या, मग आई गेली. आणि एका दुपारी दिग्दर्शक आला.

तो घडवंचीवर पाय हलवत बसला, चहा प्यायला, म्हणाला, "मी हे पुस्तक तीनदा वाचलंय. तीनदा रडलोय." बाबांच्या उतरलेल्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. "बाबा, शब्दाला शब्द घेणार. माझा शब्द आहे." बाबा कमी बोलायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी उठून भिंतीवरची आईची हातोडी काढली आणि त्याच्या हातात दिली. दांड्याला आईच्या अंगठ्याचा खळगा पडलेला होता. "सिनेमात हीच दाखवा," ते म्हणाले. "खोटी नको." ती हातोडी तिनं आपल्या स्वतःच्या मुलीलासुद्धा हाताळू दिली नव्हती.

सिनेमा आधी मोठ्या शहरात लागला. दाभणची मुलगी तिथेच नोकरीला होती. ती पहिल्याच दिवशी बघून आली आणि फोन केला.

"आई, तू बसली आहेस ना?"

"माझ्या दुकानात खुर्च्यांना काय तोटा! बोल."

"आजोबांना नेऊ नकोस हा सिनेमा बघायला."

"का? वाईट आहे?"

"वाईट असता तर म्हटलं असतं जा, झोप काढून या." मुलगी मग एका दमात बोलली. "आजीचं त्या साहेबावर प्रेम दाखवलंय. साहेब बुटका नाहीच, चांगला ताडमाड, गालावर खळी. तो तिच्यासाठी औषधं सोडतो. आणि आजोबा दारू पितात, संशय घेतात, हातोडी घेऊन तिच्या अंगावर धावून जातात. तीच हातोडी आहे, आई, मी ओळखली. आणि मग चौकीवर जाऊन सगळं सांगून टाकतात."

"कोण सांगून टाकतं?"

"आजोबा."

दाभणनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खिळे तर एकदाही नाहीत तोंडात. नटीचे ओठ खराब होतील म्हणून असेल. आणि आई, तू नाहीसच. त्यांना मूलच नाही दाखवलेलं."

"बरं झालं," दाभण म्हणाली. "मी नाहीच म्हटल्यावर माझ्यावर कुणाचा संशय यायचा नाही."

हे ती रागात बोलून गेली. तेव्हा तिच्या मनात काहीही नव्हतं.

तिनं दिग्दर्शकाला फोन लावला. तो चार वेळा मीटिंगमध्ये होता, पाचव्यांदा सापडला. आवाजात तूप होतं. "ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण सिनेमाची गोष्ट वेगळी असते. प्रेक्षकाला संघर्ष लागतो. तुमचे वडील फारच चांगले निघाले हो! चांगल्या माणसाचं पडद्यावर दाखवायचं काय?"

"त्यांचा खांदा दाखवायचा होता."

"ताई, बायकोच्या मागे खुर्च्या वाहणारा नवरा... कुणी नट तयार होईना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फोनवरच्या माणसाचं काय करणार? फोन ठेवून तिनं एक जुना सोफा उघडायला घेतला. खिळे उपटून उपटून संध्याकाळपर्यंत त्याचा नुसता सांगाडा ठेवला. गिऱ्हाइकानं फक्त उशी बदलायला सांगितली होती.

पुढे गावात परकी माणसं येऊ लागली. सिनेमा बघून आलेली, दुकानासमोर उभं राहून फोटो काढणारी. बाबा सवयीप्रमाणे दाराबाहेर स्टुलावर बसलेले असायचे. नव्वदीला आलेला माणूस, कान थकलेले, एक खांदा खाली. एका सकाळी गॉगल लावलेली एक बाई आत डोकावली आणि मोठ्यानं म्हणाली, "तो नवरा हो, चुगलखोर. त्याचं पुढे काय झालं? त्याला पकडलं का शेवटी?"

दाभणच्या तोंडात खिळे होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिला ते थुंकून टाकावेसे वाटले, त्या बाईच्या तोंडावर. तेवढ्यात बाहेरून बाबा म्हणाले, "आहे अजून."

"काय म्हणाले?" बाईनं विचारलं.

बाबा फक्त हसले. पुढचे दात नसल्यामुळे त्यांचं हसू लहान बाळासारखं दिसायचं. बाईनं त्यांचाही फोटो काढला.

दाभणची समजूत, की बाबांनी भलतंच काहीतरी ऐकलं. पण ही बाई गेली, उद्या दुसरी येईल. एक ना एक दिवस कुणीतरी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन नीट विचारेल. आणि ज्या माणसानं दात दिले पण शब्द दिला नाही, तो माणूस मरायच्या आधी चुगलखोर म्हणून ओळखला जाईल. आपल्याच दारात. त्या रात्रीपासून तिला सिनेमाचा राग यायचा थांबला. आता तिला दिग्दर्शक हवा होता.

आणि तो चालून आला.

गावातल्या थिएटरचा मॅनेजर एके दिवशी घाम पुसत दुकानात शिरला. तो इथलाच, शाळेत असताना दोन वर्षं बुटका साहेब झालेला. "मावशी, रागावू नका. सिनेमा लावायचाच आहे, वरून दट्ट्या आहे. पहिल्या खेळाला दिग्दर्शक स्वतः येणार आहेत. स्टेजवर समारंभ. आणि त्यांची इच्छा आहे की..." तो अडखळला.

दाभणनं हातोडी खाली ठेवली.

"त्यांना साहेबाची लाल खुर्ची हवी. स्टेजवर बसायला. तुमच्या हातची. पेपरात फोटो येईल म्हणाले, नायिकेच्या मुलीनं केलेली खुर्ची वगैरे. मी म्हटलं होतं त्यांना, मावशी हातोडी फेकून मारतील."

"त्यांना सांग, करते."

मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. "करता?"

"कुठली खुर्ची म्हणाले ते? नीट सांग."

"ती... पुस्तकातली. साहेबाची." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. त्यानं दाभणकडे बघितलं. दाभण मखमलीच्या तुकड्यांचा गठ्ठा सोडत होती. मॅनेजरनं खिशातून पुन्हा रुमाल काढला, पण या वेळी तो त्यानं तोंडावर धरला. "मी काही ऐकलं नाही, मावशी," तो म्हणाला. "मी निघतो."

शेजारच्या पार्लरवालीला मात्र राहवलं नाही. "अगं, लाज आहे का तुला? त्या माणसासाठी मखमल?"

"लालच हवी म्हणाला."

"मिरच्या भर आत मिरच्या! नाहीतर खिळे टोकं वर करून ठेव."

"ते काय, ओरडून उठेल आणि सहानुभूती मिळवेल," दाभण म्हणाली. "तू पुढच्या रांगेत बस म्हणजे झालं. आणि टाळ्या वाजव."

"मी? त्या मेल्याला टाळ्या?"

"बघ तर खरं."

खुर्ची करताना बाबा दाराशी बसलेले असायचे, पाठ वळवून. दाभणनं आई करायची तशीच चौकट केली, उंच आणि रुबाबदार. स्प्रिंगा बसवल्या, गोणपाट ताणला, काथ्या पिंजून भरला, वर कापूस. पट्ट्यांची टोकं सुतळीनं बांधली आणि गाठी मारल्या. आईनं ती गाठ पुस्तकात सांगितली नव्हती. मास्तरीणबाईंनी खूप विचारलं, तेव्हा म्हणाली होती, हाताला येते, तोंडाला येत नाही. दाभणच्या हाताला ती आली होती. फक्त आईनं ज्या बेतानं बांधली त्यापेक्षा तिनं सैल बांधली. तिला एकच संध्याकाळ मिळणार होती. शेवटी बैठकीच्या पोटाखाली काळं कापड लावून सगळं झाकून टाकलं.

आता एकच काम राहिलं होतं. बाबांना घरी ठेवणं.

"बाबा, गर्दी फार असेल. दम लागेल तुम्हाला."

"मला बोलावणं आलंय," बाबा म्हणाले. त्यांच्या उशाशी छापील कार्ड होतं, आणि इस्त्रीचा कोट खुंटीवर.

"सिनेमा काही बरा नाही म्हणतात."

"बरं नसतं ते बघायला कुणीतरी जायला लागतं, पोरी."

पुढे बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तिनं मनाशी ठरवलं, की समारंभ झाला रे झाला, दिवे मालवायच्या आत त्यांना बाजूच्या दारानं बाहेर काढायचं. दम लागला, पोटात दुखलं, काहीही सांगायचं.

थिएटर ओसंडून वाहत होतं. स्टेजवर लांब टेबल, पांढरी चादर, पाण्याचे ग्लास, माइक. मधोमध लाल खुर्ची, बाजूला साध्या दोन. दाभण चौथ्या रांगेत कडेला बसली. पहिल्या रांगेत पार्लरवाली मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. दिग्दर्शक आला, हात हलवत, आणि सगळ्यांच्या आधी त्यानं बाबांना वर बोलावलं.

हे दाभणच्या हिशेबात नव्हतं.

मॅनेजर बाबांचा दंड धरून पायऱ्या चढवत होता. दिग्दर्शकानं एक पेटी उघडली आणि आईची हातोडी बाहेर काढली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "ज्या घरातून नेली त्या घरात परत देतोय!" बाबांनी ती घेतली. दांडा बोटांनी चाचपला, खळग्यावर अंगठा ठेवला आणि हातोडी कोटाच्या खिशात घातली. कॅमेरे चमकले.

मग दिग्दर्शकाला आणखी एक सुचलं. त्यानं लाल खुर्ची दोन्ही हातांनी मागे ओढली. "आज या सिंहासनावर माझा हक्क नाही," तो माइकमध्ये म्हणाला. "बाबा, आज तुम्ही बसा इथे."

टाळ्या झाल्या. सगळ्या गावासमोर बाबा त्या खुर्चीत बसणार, आणि खाली खाली जाणार. बाबा. आपल्या लेकीनं केलेल्या खुर्चीत. ती अर्धी उठली. ओरडावं तर काय ओरडावं? जन्मभराचे खिळे एकदम तोंडात आल्यासारखं झालं.

बाबा खुर्चीपाशी गेले. बसायच्या आधी ते थांबले. त्यांच्या धंद्यातली माणसं कुठल्याही खुर्चीत एकदम बसत नाहीत. परक्याच्या घरी असो, दवाखान्यात असो, आधी तळहात बैठकीवर ठेवून दाबून बघतात. दाभणची मुलगी लहानपणी या सवयीपायी दोघांबरोबर कुठे जायला लाजायची. बाबांनी तळहात मखमलीवर ठेवला आणि दाबला. पुन्हा एकदा दाबला, कडेला, जिथे गाठ होती तिथे.

त्यांनी मान वर केली. चौथ्या रांगेकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते दाभणला इतक्या लांबून कळलं नाही. मग बाबा दिग्दर्शकाकडे वळले आणि त्यांचं ते बिनदातांचं हसू हसले.

"नाही, नाही," ते म्हणाले, आणि माइक जवळ असल्यानं सगळ्यांना ऐकू गेलं. "ही साहेबांची खुर्ची. साहेबांनीच बसायचं." आणि चांगल्या खांद्याच्या हातानं दिग्दर्शकाला दंडाला धरून त्यांनी स्वतः खुर्चीत बसवलं. वर पुन्हा खांद्यावर हात ठेवून जरा दाबलं. जसा त्यानं त्या दुपारी त्यांच्या खांद्यावर ठेवला होता, अगदी तसा.

"मला भाषणबाजी आवडत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "बसूनच गप्पा मारू."

त्यानं आपल्या लहानपणापासून सुरुवात केली. पहिल्या टाळ्यांना तो नम्रपणे अर्धा उठला, मान झुकवली आणि परत बसला. बोटभर खाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा तो उठून बसला, तेव्हा माइक त्याच्या हनुवटीशी होता तो ओठांशी आला. मॅनेजरनं तत्परतेनं माइक खाली वाकवला. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कुजबुज सुरू झाली, ती वाऱ्यासारखी रांगांतून पुढे आली. बुटका साहेब. अहो, बुटका साहेब!

तेव्हा पार्लरवालीला कळलं टाळ्या कशासाठी. तिनं पर्स खाली ठेवली आणि दोन्ही हात वर करून कडकडून टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक उठला, झुकला, बसला. मग सगळ्या थिएटरनंच मनावर घेतलं. तो म्हणाला, 'मी हा सिनेमा रक्तानं लिहिला,' टाळ्या. उठला, बसला. 'सत्य म्हणजे काय?' टाळ्या. उठला, बसला. लोक वाक्य पुरं होऊ देईनात. शेवटी शेवटी टेबलाच्या चादरीवर नुसतं एक डोकं बोलत होतं, आणि त्याच्या शेजारी साध्या खुर्चीत बाबा ताठ बसले होते, त्याच्याकडे वरून बघत. पेपरवाल्यांनी तोच फोटो काढला.

दिग्दर्शकाला हे प्रेमच वाटलं असावं. डोळे पुसत पुसत लोक टाळ्या वाजवत होते, त्याला वाटलं रडताहेत.

समारंभ संपल्यावर दाभण बाबांना न्यायला धावली. पण बाबा पहिल्या रांगेत जाऊन बसले, बसायच्या आधी खुर्ची दाबून. "पैसे नाही घेतले तर बघायला काय जातं?" ते म्हणाले आणि पडद्याकडे तोंड केलं. दाभण शेजारी टेकली आणि दिवे मालवले.

सिनेमाचं काय सांगावं? लाल खुर्ची पडद्यावर आली की लोक हसत सुटायचे. खळीवाला साहेब तिच्यात बसून नायिकेचा हात हातात घेत होता, संगीत वर चढत होतं, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, साहेबानं उठून पुन्हा बसावं म्हणून. प्रेमप्रसंग वाहून गेला. मग तो प्रसंग आला. दारू प्यायलेला नवरा, हातात आईची हातोडी, चौकीच्या दिशेनं झोकांड्या खात. हसू एकदम थांबलं. शेकडो माना बाबांकडे वळल्या आणि शरमून परत फिरल्या. दाभणनं बाबांचा हात धरला. पडद्यावरच्या नवऱ्यानं बोलायला तोंड उघडलं.

"अहो, खिळे घाला कुणीतरी त्याच्या तोंडात!" पार्लरवाली ओरडली.

थिएटर हसून हसून कोसळलं. नवरा काय बोलला, कुणाची चुगली केली, त्यातलं अक्षरही कुणाला ऐकू गेलं नाही. बाबांचा खांदा हलत होता. दाभणला वाटलं, रडताहेत. तिनं वाकून बघितलं. ते हसत होते. मग तिनं मान वळवून दिग्दर्शकाकडे बघितलं, चांगलं डोळे भरून. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, उसवलेल्या अस्तरासारखं.

घरी जाताना दोघं हळूहळू चालत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं," दाभण म्हणाली. "सिनेमाचं."

"माझ्याजवळ बसून सगळे असे बोलतात जसा मी उशीच आहे. पार्लरवाली तर तुझ्याशी कुजबुजते ते नाक्यावर ऐकू येतं."

"आणि खुर्चीचं?"

"चार दिवस पट्टे ठोकल्याचा आवाज नाही. बिनठोकलेली खुर्ची या घरात एकदाच झाली होती. तरी हात लावून खात्री केली." ते थांबले, दम घेतला. "पण पोरी, काम काही बरोबर नाही. तुझ्या आईची खुर्ची साहेबाला महिनोन् महिने पुरली. तुझी एका भाषणात आटोपली."

"भाषणच तेवढं लांब होतं."

"गाठ सैल मारलीस. घाई झाली तुला." त्यांनी नापसंतीनं मान हलवली. "माणूस खाली जातोय हे त्याचं त्यालासुद्धा कळता कामा नये. वर्ष लागलं तरी चालेल."

दाभणची चूक काढली ती बरोबर होती, आणि तिचं मन अजून भरलंही नव्हतं. एका संध्याकाळचं हसू त्या माणसाला पुरेल कसं?

चार दिवसांनी मॅनेजर टेम्पोतून लाल खुर्ची घेऊन आला. बैठक पोटापर्यंत खचलेली. "मावशी, साहेबांचा निरोप आहे. वाहतुकीत काहीतरी ढिलं झालं म्हणतात. पण खुर्ची त्यांना फार आवडली. दुरुस्त करून त्यांच्या ऑफिसात पाठवायची. रोज तिच्यातच बसणार आहेत."

दाभणनं बाबांकडे बघितलं. बाबा स्टुलावरून उठत होते.

"आणखी काही म्हणाले?"

मॅनेजरचा चेहरा अगदी कोरा होता. शाळेतली दोन वर्षं फुकट गेली नव्हती. "हो. म्हणाले, मी पुस्तक तीनदा वाचलंय, या वेळी त्यातल्यासारखीच हुबेहूब करा. काही बदल नको."

बाबांनी कोटाच्या खिशातून हातोडी काढून भिंतीवर तिच्या जागी टांगली. हातोडीचं काम नव्हतं. त्यांनी खुर्ची उलटी करून घडवंचीवर घ्यायला लावली, काळं कापड टरकन फाडलं आणि सुतळीचा गुंडा मागितला.

"सरक," ते लेकीला म्हणाले. "आता गाठी मी मारतो."